डोळ्यांची आखणी

साठ सालच्या आसपास मी वेंगुर्ल्यात बातमीदार होतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरची मूर्ती आणायला गेलो, तेव्हा तिथल्या मूर्तिकाराला पाहिले. बोलताना तो कुंचला धोतराला पुसायचा, त्यामुळे धोतरावर सगळे रंग होते. बंदरावर बेवारस फिरणारी तीन मुले त्याने घरी ठेवून घेतली होती. सकाळी ती शाळेत जात, दुपारनंतर माती मळत. डोळे आखण्याचे काम मूर्तिकार सहसा कोणाला देत नाही. त्या वर्षी याने ते थोरल्या मुलाला दिले होते.

एक दुकानदार आपण घरून आणून दिलेल्या पाटावर घडवलेली मूर्ती न्यायला आला. डोळे कोणी आखले हे कळताच तो भडकला.

"जेका घरदार नाय, तो माझ्या देवाचे डोळे रंगवतलो?"

"घर आसा तेका. ह्याच तेचा घर," मूर्तिकार म्हणाला. "डोळे बघा, शेटनू. चुकले आसतीत तर पुसतंय."

दुकानदार मूर्तीसमोर वाकून बराच वेळ बघत राहिला. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. मग दुकानदाराने टोपी काढून खिशात घातली, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मुलाला म्हणाला, "बघतस काय रे? हात लाव, उचल."