अण्णांचं चाचणीचं टपाल

चाचणीच्या निरोपात नुसतं ‘टेस्टिंग, टेस्टिंग’ लिहिलेलं अण्णांना मुळीच खपायचं नाही. “ह्याच्यात काय कळणार गं? पोचलं काय, न पोचलं काय! खरं काहीतरी लिही की,” म्हणत ते माझा निरोप पुसून टाकायचे. मग मी मुकाट्यानं लिहायची, ‘आज कॅब तासभर जागची हलली नाही. साहेबाचं डोकं फिरलंय. घरी डाळ संपलीय.’ अण्णा वाचून मान डोलवायचे. “सरी, आता बरोबर! पाठव.”

अण्णा आमचे शेजारी, मूळचे निपाणीचे, इथल्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. एचएसआर लेआउटमधल्या त्यांच्या घरात हौशी लोकांच्या एका संदेश-जाळ्याचं केंद्र होतं. जाळं म्हणजे काय, तर गावोगावचे मूठभर पिकल्या केसांचे लोक. त्यांचे कॉम्प्युटर टपालाचे गठ्ठे अण्णांकडे धाडायचे, अण्णांच्या कॉम्प्युटरवर गठ्ठा सुटायचा आणि एकेक निरोप आपापल्या कप्प्यात जायचा. व्हॉट्सअ‍ॅप असताना हा उपद्व्याप कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. “तिथं माणूस लिहितो कुठं? आलेलं पुढं ढकलतो,” एवढंच म्हणाले.

मग गठ्ठे सोडणारा जुना प्रोग्रॅम मान टाकायला लागला. त्यातच मुलानं अण्णांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं. जायच्या आत नवं सॉफ्टवेअर बसवून केंद्र माझ्या घरी हलवायचंच, असा अण्णांनी हट्ट धरला. तो होसकोट्याच्या मास्तरांसाठी. कारखान्यात शिकाऊ मुलांना शिकवायचे म्हणून ते मास्तर, अण्णांचे जुने दोस्त. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. “जाळं बंद पडलं तर तो बोलायचा कुणाशी?” अण्णा म्हणायचे. मग काय, मी कंबर कसली.

आठवडाभर व्हाइटफील्डच्या कंपनीत पगारासाठी सॉफ्टवेअरच्या चाचण्या करायच्या आणि शनिवारी अण्णांकडे त्याच फुकट! कधी निरोप दोनदा यायचा, कधी गडप व्हायचा. जीव अगदी मेटाकुटीला यायचा. मी कातावले की अण्णा म्हणायचे, “स्वल्प दम धर.” चाचणीचा कप्पा वेगळा होता, आम्हा दोघांपुरता. खरंच लिहायचं म्हटल्यावर अण्णा तिथं तोंडानं कधी न बोललेलं लिहायचे. गेलेल्या अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, भाकरीबद्दल, एकट्यानं जेवण्याबद्दल.

एका शनिवारी नवं सॉफ्टवेअर पहिल्यांदाच जाळ्याला जोडलं. अण्णांनी चाचणी म्हणून लिहिलं, ‘मला पुण्याला जायचं नाही. मुलगा भला आहे, म्हणून नाही म्हणता येत नाही.’ आणि कप्प्यांची जुळणी नेमकी चुकलेली! आमचा कप्पा सगळ्यांच्या कप्प्याला जोडला गेला होता. निरोप झाडून सगळीकडे गेला.

“सगळ्यांना गेलं?” अण्णांचा चेहरा एवढासा झाला. “हो,” मी म्हटलं. एरवी इडलीच्या पिठावरूनही हमरीतुमरीवर येणारी ती मंडळी, पण कुणी चकार शब्द लिहिला नाही. फक्त मास्तरांची एक ओळ आली, ‘सॉफ्टवेअर चालतंय, अण्णा. सगळं पोचलं.’ अण्णा उठून बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

“मुलाला सरळ सांगा ना! मी लावू का फोन?” मी म्हटलं.

“नको गं. त्यानं माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय.”

त्यांनी जुळणी माझ्याकडून दुरुस्त करून घेतली, पुन्हा तपासून घेतली आणि ठरल्या दिवशी गेले. मला त्यांचा रागच आला. अजूनही येतो, आणि मग आठवण येते.

आता केंद्र माझ्या घरी आहे. दमून आल्यावर गठ्ठे सुटलेत का, एवढं बघते. एकही निरोप गहाळ होत नाही. पुण्याहून अण्णांचं टपाल येतं: हवा छान आहे, नातू गोड आहे, सूनबाई काळजी घेते. मास्तर त्याखाली दर वेळी विचारतात, ‘कधी येतोस?’

अण्णा बाकी सगळ्याला उत्तर देतात.