सहाव्या खांबावर विझलेली आग

आमच्या घरी अंतर खांबांत मोजतात. बाबा विजेच्या लाइनीवर लाइनमन होते. दुसरबीडचा बाजार आमच्या घरापासून किती लांब, तर बावीस खांब. घरासमोर डीपी, म्हणजे गल्लीचा ट्रान्सफॉर्मर, आणि तिथून शेतांकडे सरळ गेलेली खांबांची ओळ बाबांनी स्वतः उभी केलेली.

त्या पाडव्याला मात्र ते आतल्या खोलीत डोळ्यावर हिरवी पट्टी लावून बसले होते. आदल्या दिवशी डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. उजवा नोकरीत असतानाच ठिणगी उडून गेलेला, त्यामुळे सगळी भिस्त या एकाच डोळ्यावर. आई दर घटकेला बजावत होती, "वाकू नका. डोळ्याले हात लावू नका." मी शाळेत भूगोल शिकवते, सगळा वर्ग धाकात ठेवते, पण त्या दिवशी मलाच धाकधूक होती.

गुढी उतरवून झाली होती. अंधार पडल्यावर आम्ही गाठीची साखर चघळत अंगणात बसलो होतो. एवढ्यात शेजारच्या काकू किंचाळल्या, "आग! आग वं माय!" मावळतीकडून आगीचे गोळे एकामागोमाग येत होते, मागे लांबच लांब शेपट्या. उल्का पापणी लवेपर्यंत संपते, असं मी दर वर्षी मुलांना शिकवते. हे तर संपायचं नावच घेईना.

'आग' एवढाच शब्द आत पोचला आणि बाबांमधला लाइनमन जागा झाला. "तार तुटली! कोणी हात लावू नका रे! आधी डीपी बंद करा!"

बाबांचा हुकूम मानायची गल्लीला इतकी सवय, की शेजारच्या काकांनी वर न बघताच धावत जाऊन डीपी बंद केली. सगळीकडे काळोख झाला आणि आभाळातली ती आग दुप्पट ठळक दिसू लागली. बाबा चुकले म्हणून आम्हाला ती नीट पाहायला मिळाली.

भिंत चाचपत ते ओट्यावर आले. "कोणती तार तुटली?"

"तार नाही, बाबा. आभाळात काहीतरी जळत जाऊन राह्यलं."

त्यांचा हात पट्टीकडे गेला. मी तो घट्ट धरला.

"सोड. एवढं पाहू दे मले."

"नाही सोडत. मी सांगते, तुम्ही ऐका."

थोडा वेळ हात ताणलेलाच राहिला. मग ते म्हणाले, "मंग नीट सांग. आवाज हाय का?"

"नाही."

"तुकडे किती?"

"पाच. नाही, सहा. मोठ्याचे फुटून राह्यले."

"विझलं कुठं?"

"सहाव्या खांबावर," मी ठोकून दिलं. खरं तर चौथ्यापुढचा खांब मला अंधारात दिसतच नव्हता.

काका म्हणाले, विमान जळून नाल्यापलीकडेच पडलं. चार जण टॉर्च घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. तेवढ्यात साखरखेर्ड्याहून मावशीचा फोन, "आमच्या शिवारात पडलं वं!" ते रॉकेटचे तुकडे होते, हे नंतर मोबाइलवर कळलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं दाखवली. बाबा म्हणाले, "धुकं दिसते." हळूहळू निवळेल, असं डॉक्टर म्हणाले. पण परतताना मला एकच खात होतं. हे धुकं गेलंच नाही तर? मग त्यांना पाहता आली असती अशी शेवटची नवलाई मीच हात धरून हुकवली होती.

आठवडाभराने बाबा काळा चष्मा लावून डीपीजवळ उभे होते. मला हाक मारली. "कितव्या खांबावर विझलं म्हणली होतीस?"

"सहाव्या."

"ओट्यावरून तर सहाव्यापाशी चिंच आडवी येते. तिच्यामागचं तुले कसं दिसंल? ते पार नवव्यापर्यंत गेलं असंल." त्यांनी बोट लांब केलं. "इथून पाहा, नवव्यावर कावळा बसून राह्यला."

मी डोळे बारीक केले. मला खांब दिसला, कावळा काही दिसेना. मग तो उडाला, तेव्हा दिसला.

मी तिथेच रडायला लागले.

"आन् म्हणे भूगोल शिकवते," बाबा आईला म्हणाले.