मुकादमांचे तट्टे

कल्याणच्या खाडीकाठी एक चुन्याची भट्टी होती. तिथे मी आणि माझी बायको चुना चाळायला जायचो. तिथले मुकादम वाऱ्याचे मोठे जाणकार. वारा फिरला की खुर्ची उचलून धूळ येणार नाही अशा अंगाला जायचे. दिवसातून चारदा त्यांचं बिऱ्हाड हलायचं. कोणी खोकलं की हातावर गुळाचा खडा ठेवायचे. "खा रे बाबा. गूळ धुळीला धरून खाली नेतो." हा गूळ माझ्या बायकोने सगळ्यांत जास्त खाल्ला.

एकदा भट्टी बघायला गोरा साहेब आला आणि धूळ अडवायला बांबूचे तट्टे लावा म्हणाला. मुकादमांनी हुकूम त्याच दिवशी पाळला. आपल्या खुर्चीला तिन्ही बाजूंनी तट्टे उभे केले. मग खुर्ची हलवायचेही कष्ट उरले नाहीत.

महिन्याने साहेबाने रस्त्यावरच घोडा थांबवून विचारलं, धूळ कमी झाली का. मुकादम तट्ट्यांआडून मान बाहेर काढून म्हणाले, "पुष्कळ कमी, साहेब. आता खोकलासुद्धा ऐकू येत नाही."

तेवढं मात्र खरं होतं. आठ दिवसांपासून माझ्या बायकोने अंथरूण धरलं होतं.