रविवारी येणारं जहाज

माझे वडील सोनगीरचे तांबट. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गाव मात्र त्यांना कराचीवाला म्हणायचं. या नावात कौतुक औषधालाही नव्हतं. आबा हंडा घेऊन रस्त्याने निघाले की ओट्यावरचा एखादा रिकामटेकडा हमखास विचारायचा, "काय कराचीवाला, जहाज उनं का?" म्हणजे आलं का. आणि आबा, ज्यांना ठोकाठोकीने अर्धवटच ऐकू यायचं, ते नेमकं एवढं ऐकायचे आणि म्हणायचे, "येई. एवढी मोठी शेड कोनी फुकट बांधस का?"

शेड खरी होती. त्या काळी सिंध आणि खानदेश एकाच मुंबई इलाख्यात. इंग्रजांनी कराचीला एक लोखंडी शेड बांधायला काढली आणि रिवेट ठोकायला माणसं हवी होती. सोनगीरचे चार-पाच तरुण तांबट गेले, त्यांत आबा. वय अठरा. शेड कशासाठी? तर इंग्लंडहून उडत येणाऱ्या एका जहाजासाठी. आपल्याला माहीत असलेलं पंखांचं विमान नव्हे. आत हलक्या धातूच्या कड्यांचा आणि पट्ट्यांचा सांगाडा, सांगाड्यात वायूच्या प्रचंड पिशव्या, वरून रंग दिलेलं सुती कापड, आणि पोटात उतारूंच्या खोल्या, जेवणाचं दालन. दुधी भोपळ्याच्या आकाराचं ते धूड इंग्लंडहून निघणार, इजिप्तमध्ये थांबणार आणि मग कराचीला येऊन त्या शेडमध्ये शिरणार. आगबोटीला आठवडे लागत, हे काही दिवसांत येणार.

शेड उभी राहिली. बाकीचे सोनगीरकर परतले. आबा गोदीत मजुरी करत थांबले, कारण ज्याच्यासाठी वर्षभर हातोडा चालवला ते आत शिरताना बघायचं होतं. यात मला आजही काही वावगं वाटत नाही. मीही थांबलो असतो.

मग घरून तार आली की आई फार आजारी आहे. त्याच दिवसांत मुकादमाने सांगितलं होतं की जहाज महिन्याभरात निघतंय. आबांनी हिशेब केला की जहाज बघून लगेच निघू. आजी तेवढं थांबली नाही. थोरला मुलगा जवळ नसल्याने धाकट्याने, बारा वर्षांच्या नानाकाकांनी, आईला अग्नी दिला. आणि जहाज? ते इंग्लंडहून निघालं आणि फ्रान्समध्ये एका टेकडीवर कोसळून जळालं. त्या शेडमध्ये ते कधी शिरलंच नाही. पुढे जर्मनांचं याहून मोठं जहाज अमेरिकेत उतरता उतरता पेटलं, आणि जगाने तो नादच सोडला.

जगाने सोडला, आबांनी नाही. लहानपणी मला वाटायचं की म्हातारा चक्रम आहे. पुढे कळलं की जहाज येईल असं त्यांना वाटून घेणं भाग होतं. जहाज कधीतरी आलं, कुठलंही आलं, तर आईला सोडून थांबण्याला काहीतरी अर्थ होता. नाहीच आलं, तर ते नुसतेच थांबले होते. नानाकाकांनी त्यांना कधी एका शब्दाने टोचलं नाही. ते जळगावला एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेले आणि तिथलेच झाले, पण दिवाळीला न चुकता यायचे आणि आबांच्या पाया पडायचे. त्या पाया पडण्यानेच आबांचं तोंड उतरायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत ट्रेसर, म्हणजे नकाशे उतरवून काढणारा, होतो; बायको सोनगीरला आबांजवळ असायची. एके दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बातमी होती. परदेशात काही मंडळी अशी जहाजं पुन्हा बांधायच्या खटपटीत आहेत, आता त्यांत न पेटणारा हेलियम वायू भरतात, धावपट्टी लागत नाही, इंधनही कमी लागतं. मी ते कात्रण कापून सोनगीरला नेलं. मला वाटलं, म्हातारा खूश होईल. खूश कसला! दुसऱ्या दिवशी पंचाहत्तरीचा माणूस एसटीने धुळ्याला आला आणि अॅल्युमिनियमचा पत्रा घेऊन गेला.

हे किती मोठं होतं ते तांबटाच्या घरात वाढल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणत आणि घरात त्याचं झाकणसुद्धा येऊ देत नसत. जर्मनच्या भांड्यांनी आमचा धंदा खाल्ला होता. पण जहाजाचा सांगाडा त्याच कुळीच्या हलक्या धातूचा, हे आबांना कराचीत समजलं होतं. त्यांना आठ हात लांबीचा नमुना करायचा होता. गावाला एकदा दाखवायचं होतं की मी काय बघायला थांबलो होतो.

त्यांनी पट्ट्या कापल्या, वाकवल्या आणि सवयीप्रमाणे मठारायला घेतल्या. मठारणं म्हणजे छोट्या हातोड्याने सारखे ठोके देत धातूला बळकटी आणणं. तांब्याचा हंडा त्याने पिढ्यान् पिढ्या टिकतो. ठोकून धातू कडक झाला की तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचा, हीही रीतच. आणि किती तापवायचं याला तांबटाकडे मोजमाप नसतं, डोळा असतो. तांबं लाल झालं की काढायचं. साठ वर्षं तो डोळा चुकला नव्हता.

आबांनी गल्लीतल्या लोकांना मुद्दाम बोलावलं होतं. पहिलं कडं कोळशांवर ठेवलं. माझी बायको भाता चालवत होती, मी रविवारचा म्हणून आलो होतो. आबा लाल रंगाची वाट बघत होते. कडं पांढरंच दिसत होतं. "अजून भाता मार," ते म्हणाले. पुढच्या क्षणी कडं खचलं आणि कोळशांतून खाली गळून गेलं. दुसरं ठेवलं. तेही तसंच पांढरं राहिलं आणि तसंच गेलं. अॅल्युमिनियम लाल व्हायच्या आधीच वितळतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असेल, पण तांबटाला कोण सांगणार? तिसऱ्या कड्याला लोक हसू लागले. कोणीतरी म्हणालं, "कराचीवालानं जहाज आठे बी जयनं." इथेही जळालं, म्हणे. आबा सांडशी हातात घेऊन कितीतरी वेळ भट्टीकडे बघत होते. मग मला म्हणाले, "हाई धातू काही सांगतच नही रे."

त्यानंतर त्यांनी हातोडा खाली ठेवला तो ठेवलाच. जेवण अर्ध्यावर आलं. दिवसभर ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. बायको मला म्हणाली, काहीतरी करा, नाहीतर आबा हातचे जातील. आणि मी केलं. जे केलं ते इथे स्वच्छ लिहितो, कारण आजवर कुठेच सांगितलेलं नाही.

आबांनी मला आधीच म्हटलं होतं की त्या परदेशी कंपनीला पत्र घाल, हिंदुस्थानात कधी येणार ते विचार. मी ते कधी धाडलंच नव्हतं. आता कचेरीतल्या इंग्रजी टाइपरायटरवर मी त्याचं उत्तर टाइप केलं. महाशय, आपल्यासारख्या जुन्या कारागिराचं पत्र वाचून आनंद झाला, आमचं जहाज भारतात चाचणीसाठी आणण्याचा विचार आहे. खाली एक लफ्फेदार सही ठोकली. सोनगीरला जाऊन मराठीत वाचून दाखवलं. आबांनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि त्या दिवशी दोन भाकरी खाल्ल्या. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

पण दोन भाकऱ्यांवर भागलं नाही. दर रविवारी प्रश्न असायचा, तारीख उनी का? कोणत्या रस्त्याने येणार? त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं की मुंबईहून दिल्लीकडे जाणार म्हणजे आग्रा रोड धरूनच जाणार, आणि आग्रा रोडवर सोनगीर, म्हणजे गावच्या किल्ल्यावरून दिसणार. मी वैतागलो. वैतागून दुसरं पत्र टाइप केलं. त्यात तारीख घातली, संक्रांतीनंतरचा दुसरा रविवार, मुंबई ते दिल्ली. माझा डाव सोपा होता. तो रविवार जाईल, मी म्हणेन रद्द झालं, म्हातारा चार दिवस हळहळेल आणि विषय मिटेल. मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण असं म्हणून काय उपयोग?

त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी जळगावहून चुलतभावाचा कचेरीत फोन आला. नानाकाकांना इस्पितळात ठेवलंय, छातीचं दुखणं आहे, डॉक्टर खात्री देत नाहीत. आणि नाना सारखं एकच म्हणतायत, आबाले बलाव.

मी तडक सोनगीरला गेलो. आबा ओट्यावर छत्री दुरुस्त करत होते, किल्ल्यावर उन्हासाठी. मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि त्यांचे हात थांबले.

"परवाच रविवार शे," ते म्हणाले.

मी छत्री त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली.

"दोन दिनमा काही व्हस का रे? डाक्टर काय म्हनस?"

सांगायची जागा ती होती. जहाज नाहीये, आबा, ती पत्रं मी लिहिली, चला माझ्याबरोबर. एवढंच बोलायचं होतं. एसटी उभी होती. पण मला त्यांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि खरं म्हणजे त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त माझा. बापाला बनवणारा मुलगा म्हणून मला त्यांच्यासमोर उभं राहायचं नव्हतं. मी म्हणालो, की डॉक्टर म्हणतात अजून वेळ आहे.

"मंग सोमवारे सकाळ जाऊत," आबा म्हणाले. "नाना समजी लेई. त्याले सांग, देखीसनी येस." जहाज बघून येतो. हे त्यांनी मला नानांना सांगायला सांगितलं.

मी एकटाच जळगावला गेलो. शनिवारी नानांनी मला बघून दाराकडे पाहिलं. "आबा उना का?" मी म्हणालो, येतायत, वाटेत आहेत. ते दाराकडेच बघत राहिले. चुलतभाऊ मला बाहेर घेऊन गेला आणि विचारलं, आबा खरंच वाटेत आहेत ना? मी म्हणालो, त्यांना रविवारी काहीतरी बघायचंय. काय, ते नाही सांगितलं. रविवारी सकाळी नाना गेले.

दुपारी सोनगीरला उतरून मी किल्ला चढलो. आबा पडक्या भिंतीला टेकून छत्रीखाली बसले होते. कमरेला धुतलेलं धोतर, डोक्याला नवी टोपी. खाली आग्रा रोडवर ट्रक चालले होते. आकाशात काही नव्हतं. मला बघून ते म्हणाले, "नही उनं रे अजून." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मला काही बोलावं लागलं नाही.

छत्री मिटून ते म्हणाले, "माय गयी तव्हय बी मी असाच. दोन्ही येळे मीच चुकनू." आणि त्यांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, एकदा नाही, तीनचारदा. मी त्यांचा हात धरला. तेव्हाही मी बोललो नाही. त्या हाताला धरून मी त्यांना खाली आणलं, पण आम्ही पोचेपर्यंत जळगावला अग्नी देऊन झाला होता.

आबा पुढे चार वर्षं जगले. जहाजाचं नाव त्यांनी काढलं नाही. ओट्यावरच्यांनी विचारलं तर म्हणायचे, "नही उनं." त्यांनी मला त्या पत्रांबद्दल कधी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. सगळा दोष त्यांनी आपल्याच अंगावर घेतला आणि तो घेऊनच ते गेले. त्यांच्या दहाव्याला चुलतभाऊ आला नाही. त्या रविवारी आबा किल्ल्यावर आभाळाकडे बघत बसले होते, एवढं त्याच्या कानावर गेलं होतं. त्याने निरोप पाठवला की ज्या माणसाला भावापेक्षा आभाळ मोठं वाटलं, त्याच्या दहाव्याला मी येणार नाही. बायकोने निरोप ऐकला आणि माझ्याकडे पाहिलं. तिलाही काही माहीत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे एका रविवारच्या पुरवणीत फोटो आला. जर्मनीत तसलंच नवं जहाज उडालं होतं. आत हलका सांगाडा, हेलियम वायू, पुढे त्यातून उतारूही नेणार होते. पांढरंशुभ्र, पोटाखाली खिडक्यांची छोटी खोली. मी तो फोटो बघत बसलो आणि मला रडू आलं. मग मनाशी पक्कं केलं की आता बस. पुरवणी घडी करून जळगावची एसटी पकडली. चुलतभावाला सगळं सांगायचं, दोन्ही पत्रं, ती तारीख, इस्पितळातलं खोटं, आणि आबांचं नाव त्याच्या मनातून धुऊन काढायचं.

त्याने मला बसवलं, वहिनीने चहा आणला. मी पुरवणी उघडून त्याच्यापुढे ठेवली. त्याने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"हे?" तो म्हणाला. "माझा बाप दाराकडे बघत होता, तेव्हा तुझा बाप हे बघायला बसला होता?"

मी तोंड उघडलं. समोर नानांचा फोटो होता, हार घातलेला.

"हो," मी म्हणालो.