नासलेला मोरावळा

आमच्या सेलूच्या घरामागे आवळ्याचं एक झाड आहे. तुळशीचं लग्न लागेपर्यंत त्याचा आवळा कोणी तोंडात घालत नाही, आणि लग्न लागलं की दोन-तीन दिवसांत मोरावळा होतो. तो करायची माझी मोठी जाऊ. मी तिला ताई म्हणते. तिच्या हातचा मोरावळा पुढच्या दिवाळीपर्यंत टिकायचा. माझ्या हातचं वरण संध्याकाळपर्यंत टिकेल याची मला खात्री नसते.

माझे मोठे दीर एका उन्हाळ्यात गेले. शेतात मोटर सुरू करायला गेले आणि शॉक लागला. ताई तेव्हा पस्तिशीची होती, मुलगी सहावीत. त्या कार्तिकात आवळे तोडले ताईनंच, धुतलेही तिनंच. तेवढ्याला कोणाची हरकत नव्हती. गॅस पेटवायची वेळ आली तेव्हा सासू म्हणाली, "तू राहू दे यंदा. वर्सभर टिकाचा माल हाय. धाकटी करन." आवाज जरासुद्धा चढवला नाही तिनं.

धाकटी म्हणजे मी. हिंगणीच्या शाळेत विज्ञान शिकवते. अंधश्रद्धेवर बोलायला लागले की शेजारच्या वर्गात ऐकू जातं. त्या दिवशी मात्र मी मूग गिळून पळी हातात घेतली.

ताई मागच्या अंगणात बसून सांगत होती आणि मी आत करत होते. आवळे काट्यानं टोचले, तुरटीच्या पाण्यात ठेवले, वाफवले, पाकात सोडले. शेवटी ती म्हणाली, "उद्या आवळ्याले पाणी सुटन, पाक पातळ होईन. पुन्हा आटवजो. विसरू नको."

विसरले नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती डोकं धरूनच. पाक पातळ झालेला डोळ्यांनी पाहिला आणि म्हटलं, उद्या बघू. तिसऱ्या दिवशी सासूनं विचारलं, झाला का? मी हो म्हटलं, बरणी भरली, वर फडकं बांधलं आणि मोकळी झाले.

संक्रांतीच्या आधी बरणी उघडली तर वर फेस आणि आंबूस वास. सासूनं आधी बरणीकडे पाहिलं, मग ताईकडे.

"तुनं हात लावला?"

"नाई आई. म्या बरणीजवळ गेलीच नाई."

"मंग कसा नासला?"

मी तिथेच उभी होते. पाक मी आटवला नाही, एवढंच बोलायचं होतं. पण सासूच्या लेखी मी गुणाची सून होते आणि ते गुण मला सोडवेनात. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि चोर दुसऱ्या दिवशी सातवीला किण्वन शिकवून आला. मला स्वतःची अजूनही किळस येते.

त्यानंतर ताईनं मोरावळ्याला, लोणच्याला, पापडाला हात लावला नाही. आधी सासू नको म्हणायची. पुढे म्हणावंही लागत नसे, ताई आपणहून बाजूला व्हायची. सांगून टाकू, असं मी दर कार्तिकात ठरवायची आणि दर कार्तिकात राहून जायचं.

गेल्या वर्षी ताईची मुलगी पाचव्या महिन्यात माहेरी आली. तिला आईच्याच हातचा मोरावळा खायचा होता, लहानपणी खाल्लेला. सासूला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी ताईला ओट्यापाशी नेलं, पळी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. आटवायचा राहिलेला पाक, डोकेदुखीचं निमित्त, माझं गप्प राहणं. पातळ पाकाला फेस कशानं येतो, तेही शाळेतल्यासारखं समजावलं. ती रडेल किंवा मला बोलेल असं वाटलं होतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"असन तुही चूक," ती म्हणाली. "म्या काई म्हणत नाई. पण पोर पोटुशी हाय. माहा हात नको लागाले त्याले."

पळी ओट्यावर ठेवून ती दोन पावलं मागे सरकली. तिला नको म्हणणारं घरात आता कोणीच नव्हतं.