एकही बास्केट न करणारी भाची

बोलणाऱ्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या कमरेकडे बघणारं माणूस, शिंपी सोडले तर, अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि ती माझी भाची. गंगापूरहून अकरावीसाठी ती आमच्याकडे शहरातल्या छावणी भागात राहायला आली आणि घरातल्या सगळ्यांना आपापल्या पोटाची लाज वाटू लागली. शेजारचे पेन्शनर काका तर तिच्याशी बोलताना पोट आत ओढून उभे राहत आणि दोन वाक्यांत दमून घरी जात. शेवटी मीच तिला कारण विचारलं. "मामा, बास्केटबॉलमधी समोरचा डोळ्यानं फसवतो, हातानं फसवतो. कंबर नाय फसवत. कंबर जिकडं, माणूस तिकडं." डॉक्टरांनी मला गोड बंद केल्याचं बायकोनं तिच्या कानावर घातलं होतं. मी लाडवांच्या डब्याकडे निघालो की भाची माझ्याआधी तिथं हात पसरून हजर. डावीकडे बघून उजवीकडून घुसायचा डावही करून पाहिला, पण दिवाळी संपली तरी माझ्या हाती एक लाडू लागला नाही.

बास्केट करणं मात्र तिला जमतच नसे. चेंडू हातात आला की पाहुण्यांचं रडकं पोर कडेवर आल्यासारखी ती तो लगेच दुसरीकडे सोपवायची. यंदा विभागाच्या संघात निवड झाली नाही तर खेळ बंद, असं दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, बजावलं होतं. म्हणून निवडीच्या दिवशी मीही मैदानावर गेलो. तिच्यासमोर जालन्याची एक उंच मुलगी होती, बास्केट करण्यात सगळ्यांत नावाजलेली. त्या बिचारीला अख्ख्या सामन्यात दोनदाच बास्केटकडे चेंडू टाकता आला आणि दोन्ही वेळा तो हुकला. पण निवड करणाऱ्या सरांच्या वहीत अडवल्याची नोंद करायला रकानाच नव्हता. त्यांनी नावं वाचली. जालन्याच्या मुलीचं होतं, आमच्या पोरीचं नव्हतं. ती बुटाच्या नाड्या सोडायला बसली आणि मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात जालन्याची मुलगी सरांपुढे जाऊन उभी राहिली. "सर, मला घेतलं तर हिला बी घ्या. आज हिनं मला हलू दिलं नाय." सरांनी वहीकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि तळाशी एक नाव वाढवलं.

परत येताना रिक्षात भाची मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसली होती. आनंदानं असेल, असं मला वाटलं. छावणीत उतरल्यावर म्हणाली, "मामा, संघाचं शिबिर महिनाभर पुण्याला हाय म्हणं. तिथं मला कुणीच वळखत नाय." समोर कुणीही आलं तरी मागे न सरणारी ती पोरगी घर येईपर्यंत माझा हात धरून चालली, आणि मलाही तो सोडवावासा वाटला नाही.