राणीच्या कचेरीतली कुऱ्हाड

चांद्याला जंगल खात्याची नवी कचेरी झाली आणि तिला एका जुन्या गोंड राणीचं नाव दिलं. आत बाई म्हणून मी एकटीच, टायपिस्ट. तीही हंगामी, म्हणजे साहेबांनी भुवई उचलली की घरी.

एका बाजाराच्या दिवशी जंगलातल्या गावाहून एक म्हातारी आली. पायरीला हात लावून तिनं नमस्कार केला, चपराशाला न जुमानता माझ्या टेबलापुढे बसकण मारली आणि मोहफुलांचं गाठोडं पुढं सरकवलं.

"गार्डानं माही कुऱ्हाड नेली, राणीबाई. वाळलं लाकूड तोडत होती मी. कुऱ्हाड नाई तं मोळी नाई, मोळी नाई तं चूल नाई."

मी म्हटलं, राणीला जाऊन कैक पिढ्या झाल्या. मी नुसती टायपिस्ट. बडे बाबू तिकडे बसतात.

"त्याच्याकडं तीनदा गेली. घर राणीचं, नाव राणीचं, अन् बाई तूच एक. मंग राणी कोन, तो मिशीवाला?"

बडे बाबू मिशीसकट फायलीत घुसले. माझं डोकं फिरलं. "मी राणी नाही, सांगितलं ना एकदा!" मी ओरडले.

म्हातारी समाधानानं हसली. "रागावते. म्हन्जे हायेच."

ती हलेना. तिच्यासमोर डब्यातली भाकर माझ्या घशाखाली उतरेना. शेवटी चिडून, तिच्यावर की गार्डावर देव जाणे, मी मशीनवर कागद चढवला: वाळलेल्या लाकडापायी जप्त केलेली कुऱ्हाड समज देऊन परत करावी. तो सह्यांच्या गठ्ठ्यात मधोमध खुपसला. साहेब चहा पिता पिता सह्या करायचे. वाचणं हे हाताखालच्यांचं काम, अशी त्यांची श्रद्धा होती. सही होऊन आली तसा तो कागद मी कोठीवर धाडला.

कोठीतून कुऱ्हाड निघाली. म्हातारीनं अंगठ्यानं धार पाहिली, बोथट केली म्हणून गार्डाला शिव्या घातल्या आणि ती खांद्यावर टाकून निघाली. तोच व्हरांड्यात साहेब आडवे आले.

"ही कुणी सोडली?"

"राणीनं," म्हातारी म्हणाली आणि खिडकीतून सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

नोकरी गेली, हे मला कळून चुकलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी अशा वेळी माझी मान आपोआप खाली जायची. त्या दिवशी गेली नाही.

"हो," मी म्हणाले, "मीच सोडली."